गंजाचा फवारा आणि दाराचं रबर

(पावसाळ्यापूर्वी झालेल्या वाहनधारकांच्या बैठकीतील भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा पार्किंगमध्ये सायकली आणि स्कूटर होत्या. आज कार लावायला जागा पुरत नाही. म्हणून मी आज गाडीच्या दाराच्या रबरावर बोलणार आहे. हसू नका. त्या रबरापायी एका रात्री मला मान खाली घालावी लागली.

तीन वर्षांपूर्वी मृग लागायच्या आधी मी गाडीला गंजरोधक फवारा मारून घेतला. कारागिराने दारांच्या आतसुद्धा भरपूर मारला. मी खूश, पैसे वसूल! दाराखालून तेल ठिबकून रबरावर उतरत होतं, तिकडे मी पाहिलंच नाही. महिना-दीड महिन्यात मागच्या दाराचं रबर भिजवलेल्या चण्यासारखं फुगलं आणि खाचेतून सुटून लोंबू लागलं. दार दोनदा आपटावं लागे. "पाहू पुढच्या महिन्यात," म्हणत राहिलो. ऑगस्टमध्ये एका रात्री, भर पावसात, शेजारच्या वहिनींच्या छातीत दुखायला लागलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि दार काही लागेना. शेवटी त्यांच्या मुलाने ते सेवाग्रामपर्यंत हाताने ओढून धरलं. वहिनी आज सुखरूप समोर बसल्या आहेत. पण तो रस्ता मी विसरलो नाही.

मग कारण समजून घेतलं. बहुतेक गाड्यांच्या दाराचं रबर ईपीडीएम नावाचं असतं. ऊन-पावसाला ते दाद देत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तरी वर्षानुवर्षं टिकतं. पण खनिज तेलाशी त्याचं वैर. तेल मुरलं की ते फुगतं, मऊ पडतं. तुम्ही म्हणाल, इंजिनाचं ऑइल सील तर तेलातच असतं! खरं आहे, पण ते नायट्राइलसारख्या वेगळ्या रबराचं असतं. गंजाचे बरेचसे फवारे खनिज तेलाचे, नाहीतर पेट्रोलियमच्या द्रावकात विरघळवलेल्या मेणाचे असतात. जुनं इंजिन ऑइल किंवा डिझेल मारणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

मग फवारा मारूच नये का? जरूर मारावा. काचेच्या कडेने पावसाचं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं मातीने बुजली की पाणी साचतं, पत्रा आतून गंजतो. फक्त एवढं करा:

१. रबर सहज निघत असेल तर काढून ठेवा. नसेल तर मास्किंग टेप आणि प्लास्टिकने झाका.

२. फवारा बेताने मारायला सांगा आणि समोर उभे राहा.

३. मारल्यावर दारं उघडी ठेवून तेल पूर्ण निथळू द्या. तळाची भोकं मोकळी आहेत ना, ते पाहा.

४. रबरावर तेल गेलंच, तर लगेच कोरड्या फडक्याने टिपा, मग साबणाच्या पाण्याने पुसा. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसू नका.

५. रबर सुकल्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. पेट्रोलियम जेली नको, तीही खनिज तेलाचीच बहीण.

६. रबर फुगून खाचेतून सुटलं असेल, तर ते बदला. माझ्यासारखी चालढकल करू नका.

जन्मभर बँकेत जमा-नावे लिहिलं. पत्रा वाचवून रबर घालवणं म्हणजे एका खात्यात जमा आणि दुसऱ्यात नावे. हाती शिल्लक काहीच नाही. गाडी एकाच्या नावावर असते, पण रात्री-अपरात्री ती साऱ्या सोसायटीची होते. तिचं दार नीट लागलंच पाहिजे.

येत्या रविवारी सकाळी मी टेप आणि सिलिकॉन ग्रीस घेऊन पार्किंगमध्ये असेन. आपापली जुनी फडकी घेऊन या. चहा आमच्याकडे.