मुलाखतीतले बाबासाहेब आणि आपली हुबळी



बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘राजा शिवछत्रपती’ आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. आज मात्र मी त्यांच्या मुलाखतींविषयी बोलणार आहे. पुस्तकात महाराज दिसतात. मुलाखतीत सांगणारा दिसतो, आणि हल्ली मला त्याचीच गोडी अधिक वाटते.

पुस्तक छापायला पैसा कुठून आणला, असे विचारले की भाजी विकल्याची हकिकत निघते. 1954 सालच्या दादरा-नगर हवेलीच्या लढ्याचा विषय आला की सुधीर फडके येतात. ग. ह. खरे यांचे नाव घेताना हा सांगणारा पुन्हा विद्यार्थी होतो. आणि प्रसंग कोणताही असो, तो तिथी-वारासकट! आपल्याला नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत.

ते स्वतःला इतिहासकार म्हणवत नसत, शाहीर म्हणवत. यात विनय होताच. थोडी सोयही होती, असे मला वाटते. इतिहासकाराकडे पुरावा मागतात, शाहिराकडे कोण मागणार? 2015 साली महाराष्ट्र भूषण पुरस्कारावरून वाद झाला, तेव्हा हा प्रश्नही पुढे आला होता. मुलाखतीत तो शांतपणे विचारता येतो. पण आपले मुलाखतकार बहुधा आधीच हात जोडून बसलेले असतात.

मला विचारायचे होते ते आपल्या गावाबद्दल. 1673 साली अण्णाजी दत्तोंच्या फौजेने हुबळी लुटली. हुबळी तेव्हा आदिलशाहीत होती. शत्रूची श्रीमंत पेठ मारणे हा त्या काळच्या युद्धाचाच भाग. इंग्रजांची वखारही त्यात गेली. तिच्या भरपाईसाठी त्यांचा तगादा पुढे चालू राहिला, म्हणून त्यांचे नुकसान कागदावर राहिले. पण इथल्या विणकराचे, वाण्याचे काय गेले? शिवजयंतीला जयजयकार करणारे आपण, आणि लुटल्या गेलेल्या गावचे रहिवासीही आपणच. हे दोन्ही एका दमात कसे सांगावे, एवढेच मला त्यांना विचारायचे होते.

15 नोव्हेंबर 2021 रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, बाबासाहेब गेले. लुटीची तिथी त्यांनी नक्की सांगितली असती. त्यापुढे ते काय बोलले असते, ते ऐकायला मी पहिल्या रांगेत बसलो असतो.