नेमलेलं पुस्तक कुठं शोधायचं, कसं वाचायचं



आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या एका गावच्या सहाजणी. एकाच बचत गटातल्या. घरबसल्या मराठी विषय घेऊन बी. ए. करतो आहोत. प्रवेश कसा घ्यायचा, फॉर्म कुठं भरायचा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण प्रवेश झाल्यावर ‘नेमलेली पुस्तकं’ कुठून आणायची आणि दिवसभराच्या कामातून वाचायची कशी, हे फारसं कुणी सांगत नाही. आमच्या ओळखीतल्या दोघीतिघींचं शिक्षण इथंच अडलं. म्हणून आज त्याविषयी बोलू.

पहिल्यांदा एक फरक समजून घेऊ. विद्यापीठाकडून येतं ते अभ्यासपुस्तक. त्यात लेखकाची माहिती असते, कथानक थोडक्यात असतं, समीक्षा असते. मूळ कादंबरी, आत्मचरित्र किंवा कवितासंग्रह हे वेगळं पुस्तक. ते बहुतेक वेळा आपलं आपण मिळवायचं असतं. आणि तिसरं म्हणजे बाजारातलं गाइड. गाइड लगेच मिळतं, स्वस्तही असतं, म्हणून हात आधी तिकडं जातो. पण गाइड म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास. पोट भरल्यासारखं वाटतं, चव मात्र कळत नाही.

बहिणाबाई चौधरींचंच बघा. त्या आमच्या जिल्ह्यातल्या, असोद्याच्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी गाणी रचली, ती घरातल्यांनी उतरवून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली गाणी पुस्तकात आली. त्यांच्या कवितेत ‘घरोट’ हा शब्द येतो. गाइडमध्ये त्यापुढं ‘जाते’ एवढंच लिहिलेलं होतं. पण आमच्या आज्या घरोटावर बसलेल्या आम्ही पाहिल्यात. त्याचा आवाज, खांद्याला लागणारी रग, पहाटेची वेळ, हे सगळं आम्हाला ठाऊक. मूळ कविता वाचली तेव्हा लक्षात आलं, की या पुस्तकाबाबत आम्ही मागं नाही, चार पावलं पुढंच आहोत. हे गाइडनं कधीच कळू दिलं नसतं.

आता पुस्तक शोधायचं कसं? आम्ही एक क्रम ठरवलाय.

सुरुवात यादीपासून. अभ्यासक्रम बदलतो, म्हणून आपल्याच वर्षाची यादी घ्यायची. पुस्तकाचं नाव, लेखक, संपादक, प्रकाशक हे सगळं वहीत उतरवायचं. पूर्ण पुस्तक नेमलंय की काही भागच, हेही बघायचं. पुस्तक हातात आलं की ते संपूर्ण आहे की संक्षिप्त, ते पहिल्या पानावर तपासायचं.

मग गावात विचारायचं. ज्ञानेश्वरी किंवा तुकाराम गाथा नेमली असेल, तर दुकानात जायच्या आधी वारकऱ्यांच्या घरी जा. पारायणाची सार्थ ज्ञानेश्वरी, म्हणजे अर्थासहित असलेली, पुष्कळ घरांत असते. शाळेतल्या बाईंना, गुरुजींना विचारा. मागच्या वर्षी परीक्षा दिलेल्या मुलींना विचारा.

त्यानंतर ग्रंथालय. आपल्या राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. गावातलं ड वर्गाचं ग्रंथालय लहान असतं, तिथं पुस्तक नसेल तर तालुक्याला जा, तिथंही नसेल तर जिल्हा ग्रंथालयात. नुसतं “आहे का?” विचारून परत फिरू नका. पुस्तकाचं नाव लिहून मागणीचा अर्ज द्या. ग्रंथालय दरवर्षी नवी पुस्तकं घेतं. मागणी कागदावर असली, तर ग्रंथपालांनाही ते पुस्तक यादीत घालणं सोपं जातं. आणि सहाजणींनी मिळून अर्ज दिला, तर त्याला वजन येतं.

चौथी जागा आपल्या हातातच असते, मोबाइल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय मंडळानंच काढलंय. आपल्या देशाच्या कायद्यानं लेखक गेल्यावर साधारण ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो आणि ते सगळ्यांसाठी मोकळं होतं. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, म्हणजे त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ आता मोकळं आहे. अशी जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर शोधून बघावीत. एकीनं उतरवून घ्यायचं आणि बाकीच्यांना पाठवायचं. मात्र हयात लेखकाचं अख्खं पुस्तक कुणी चोरून पाठवलं, तर ते घेऊ नये. तेही कुणाच्या तरी कष्टाचंच असतं.

एवढं करूनही नाही मिळालं, तरच विकत. तेही वाटून. सहा पुस्तकं नेमली असतील, तर प्रत्येकीनं एक घ्यायचं आणि फिरवायचं. आम्ही त्याचं रजिस्टर ठेवलंय, गटाच्या अंतर्गत कर्जाचं ठेवतो तसंच. कुणी नेलं, कधी नेलं, परत कधी देणार, पुढं सही. पैशाची शिस्त आपल्याला आलीय, ती पुस्तकांनाही लावायची.

शोधून थकलात, तर ताराबाई शिंदेंची आठवण काढा. त्या बुलढाण्याच्या, आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या. १८८२ साली त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. दोष सगळे बाईच्याच माथी का, असा रोखठोक सवाल त्यांनी विचारला. ते पुस्तक पुढं विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, म्हणजे ९३ वर्षांनी. कुणीतरी शोधलं म्हणून ताराबाई आज आपल्यापर्यंत पोचल्या.

आता वाचायचं कसं, ते सांगतो.

आम्ही मोठ्यानं वाचतो. रात्रीची भांडी झाली की एकीच्या ओट्यावर जमतो. एक वाचते, बाकीच्या ऐकतात. कुणी शेंगा फोडते, कुणी तांदूळ निवडते. दहा पानं झाली की दुसरी वाचते. पहिल्या वाचनात थांबायचं नाही. अडलेला शब्द वहीत टिपायचा आणि पुढं जायचं. निम्मे शब्द पुढच्या पानांवर आपोआप उलगडतात. लीळाचरित्रासारखं जुनं गद्य असेल, तर डोळ्यांना अवघड वाटतं, पण कानाला ओळखीचं लागतं. ओव्या रोज थोड्याच घ्यायच्या, अर्थासह.

दुसऱ्या वाचनाच्या वेळी अभ्यासपुस्तक शेजारी ठेवायचं. मग प्रत्येकीनं आपल्या शब्दांत दहा ओळी लिहायच्या: हे पुस्तक काय सांगतं आणि मला काय पटलं, काय पटलं नाही. एवढं झाल्यावर गाइड उघडायचं असेल तर उघडा. तोवर त्याची गरज बरीच कमी झालेली असते.

आमच्यातली एक दुसऱ्या वर्षाला नाव काढून घ्यायला निघाली होती. जाडजूड कादंबरी परीक्षेच्या महिनाभर आधी हाती आली, वाचायला वेळ नव्हता आणि घरून रोज ऐकावं लागत होतं, “या वयात पुस्तकं कशाला?” आम्ही ती कादंबरी तिच्याच ओसरीवर अकरा रात्री वाचली. चौथ्या रात्रीपासून तिच्या सासूबाई दाराशी बसून ऐकायला लागल्या. एका रात्री आम्हाला उशीर झाला, तर त्यांनीच निरोप पाठवला, “पुढं काय झालं ते वाचायचं नाही का?” त्यानंतर त्या घरात ‘पुस्तकं कशाला’ हा प्रश्न निघाला नाही. मैत्रीण परीक्षेला बसली आणि तो पेपर सुटला.

म्हणून सांगतो, मैत्रिणींनो, एकटीला पुस्तक जड जातं. तुमच्या गटात कुणी शिकत असेल, तर येत्या बैठकीत तिला यादी आणायला सांगा आणि विषय मांडा. कुणाच्या घरात कुठलं पुस्तक आहे, ते विचारा. ग्रंथालयाच्या अर्जावर सगळ्याजणी सह्या करा, शिकत नसाल तरीही. आणि वाचनाला बसायला शिकणारीच असावं लागतं, असं थोडंच आहे? ऐकायला कुणीही येऊ शकतं.