जुना खेळ आणि कर्त्याचा वाटा

व्हिडिओ खेळाची तबकडी एकानें विकत घेतली, खेळून झाल्यावर दुकानीं विकली, आणि दुकानदारानें ती दुसऱ्यास कमी किंमतीस दिली. या दुसऱ्या सौद्यांत खेळ रचणारास एक पैही मिळत नाहीं. हा व्यवहार न्याय्य म्हणावा काय?

जपानांत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कॅपकॉमप्रभृति कंपन्यांचें म्हणणें असें कीं, खेळ हा चित्रपटाच्याच जातीचा. सबब त्याच्या वितरणाचा हक्क कर्त्याकडेच राहतो. २००२ सालीं न्यायालयानें खेळास चित्रपटाच्या पंक्तीस बसविलें खरें, परंतु पहिल्या विक्रीबरोबर तो हक्क संपतो, असा निवाडा दिला.

कर्त्यांची तक्रार अगदींच पोकळ नव्हे. पुस्तक हाताळून मळतें. खेळ मात्र, तबकडीवर ओरखडे नसले तर, दहाव्या हातींही पहिल्यासारखाच चालतो. पण जुना खेळ विकून आलेला पैसा पुष्कळदां नव्या खेळाकडेच वळतो, ही जमेची बाजू ते हिशेबांत धरीत नाहींत. शिवाय आतां कित्येक खेळ तबकडीविना, इंटरनेटवरून उतरवून घेतले जातात. तेथें ग्राहकास मिळतो तो बहुधा केवळ वापरण्याचा परवाना, आणि तो दुसऱ्यास विकतां येत नाहीं.