पट्टा वाचून घ्या

आज आपण मोटारीच्या पट्ट्याविषयी बोलू.

इंजिनाच्या एका अंगाला रबराचा लांब पट्टा असतो. तो सापासारखा वळणे घेत पुलींवरून फिरतो. बॅटरी भरणारे यंत्र तोच चालवतो. पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच्यावरच चालतो. अशा गाडीत पट्टा तुटला की पाणी फिरत नाही, इंजिन तापते. मग आत बाळंतीण असो की आजारी म्हातारा, गाडी रस्त्यातच उभी!

पट्टा झिजला किंवा चिरला की बदलावा. दुकानदार म्हणेल, "हाच बसेल, न्या." आपण म्हणावे, "नंबर दाखवा."

समजा, पट्ट्यावर '६ पीके १७५०' असे इंग्रजीत छापले आहे. ६ म्हणजे आतले कंगोरे, ते मोजावेत. पीके हा कंगोऱ्यांचा प्रकार. १७५० ही लांबी, मिलिमीटरमध्ये. पट्टा लांब झाला तर घसरतो, आखूड झाला तर चढत नाही. जुन्यावरचा नंबर पुसला असेल तर गाडीचे पुस्तक पाहावे. इंग्रजी येत नसेल तर अक्षरे कागदावर जशीच्या तशी उतरून न्यावीत.

आपल्याला आता वाचता येते. मग पट्टाही वाचूनच घेऊ.