वीस मार्क कुणाच्या बापाचे?



भाषेच्या परीक्षेवर बोल, असं मला सांगितलंय. विषय ऐकून दोघातिघांनी जांभया दिल्या, मी बघितलं. पण थांबा. आपली पोरं गणितात गळतात हे सगळे बोलतात. मराठीतही गळतात, ते कुणी बोलत नाही. मातृभाषेत नापास! ही माता नेमकी कुणाची, हे एकदा विचारायला पाहिजे.

आधी आकडे ऐका. दहावीला भाषेचे ८० मार्क लेखी आणि २० शाळेच्या हातात, तोंडी वगैरे. २०१८ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ला भाषा आणि समाजशास्त्राचे हे २० मार्क काढून घेतले. निकाल धाडकन ७७.१० वर. पुस्तकंही त्याच साली बदलली होती, म्हणून सगळं खापर मी एकावर फोडत नाही. पण ओरड एवढी झाली की सरकारनं २० मार्क परत दिले. २०२०ला निकाल ९५.३०. कोरोनामुळं भूगोलाचा पेपर झालाच नव्हता, तेही ध्यानात ठेवा.

पांढरपेशे म्हणतात, शाळा मार्कांची खिरापत वाटतात. वाटतात की! खोटं कशाला बोलू?

मी दहावीला होतो तेव्हा तोंडी परीक्षेला माझ्या बाकावरचा दोस्त उठला आणि नळावरच्या भांडणांवर बोलला. काय बोलला! वर्ग खिळून बसला. पण ‘पानी’, ‘व्हतं’, ‘आमी गेल्तो’. सर हसले, मग वर्ग हसला. आणि सरांनी त्याला २० पैकी १७ लिहिले. नीट ऐका, कमी नाही दिले. पण त्याला काय येतं आणि काय शिकायचं राहिलंय, हे कुणी सांगितलं नाही. मार्क मिळाले, परीक्षा झालीच नाही. लेखीत त्यानं बोलला तसंच लिहिलं. तिथं १७ देणारा कुणी नव्हता.

बोर्डाचा पेपर सगळ्या राज्याला एक. कागदाला कान नसतात. पोराचं बोलणं ऐकू शकतो तो समोरचा मास्तरच. म्हणून परीक्षा जवळची पाहिजे, तिथंच घडवलेली पाहिजे. पण ‘स्थानिक’ म्हटलं की लगेच टाळ्या पिटू नका. गावचा पाटीलसुद्धा स्थानिकच असतो. २० मार्क त्याच्या भाच्याच्या हातात गेले तर ते मार्क नाहीत, चाबूक आहे. म्हणून तोंडीचे विषय आणि मार्क कशाला किती, हे आधी फळ्यावर लागलं पाहिजे, ऐकायला दोन मास्तर पाहिजेत आणि कागद पोराच्या आईला बघायला मिळाला पाहिजे.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही काय करतो ते सांगतो. पेपरातली पाणीकपातीची बातमी पोरानं वाचायची. मग न वाचलेल्याला आपल्या बोलीत सांगायची. मग त्यावर वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहायचा. समजलं किती, सांगितलं कसं, लिहिलं कसं, तिन्ही वेगळं मांडतो, बेरीज करत नाही. ‘तीन दिस पानी न्हाई’ म्हणणाऱ्या पोरीला बातमी पुरती समजलेली असते. सांगणंही फक्कड. अडतं फक्त अर्जात. एकदा निम्म्या पोरांच्या अर्जावर तारीखच नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी तेवढंच शिकवलं. परीक्षेनं मास्तरला उद्याचं काम सांगितलं पाहिजे. नाहीतर ती कशाला घ्यायची?

आता आपल्यातले काही म्हणतील, प्रमाण भाषा हवीच कशाला, गाडा तिला. मला पटत नाही. कोर्टाचा, मंत्रालयाचा कागद त्याच भाषेत निघतो आणि तो आपल्याच विरुद्ध निघतो. शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली ठरले, १९७२ला आणखी ४ आले. माणसांनी बैठका घेऊन केलेले नियम आहेत, वेदातून उतरलेले नाहीत. शिकता येतात. न आणि ण शिकवा, जरूर शिकवा. पण ‘पानी’ म्हणणाऱ्याला अक्कल नाही, हा निकाल लावायचा अधिकार कुणी दिला?

तोंडी परीक्षा लेखीच्या आधी उरकतात. तुमच्या भागातल्या शाळेत जा, सोबत दोन आया न्या. तोंडी कधी आहे, विषय काय, मार्क कसे देणार, एवढंच विचारा. तारीखच ठरलेली नसेल आणि मार्क मात्र भरून तयार असतील, तर तिथंच बसा, उठू नका.