ठिबक संचाच्या वाळूच्या गाळणीवरील झडप : तपासणी, दुरुस्ती व निगा

(वर्धा जिल्ह्यातील संत्रा बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ठिबक सिंचनावर बोलायला उभा राहिलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, तोट्या बंद पडतात, काय करावे?" मग आम्ही आम्लाची प्रक्रिया सांगतो, क्लोरीनची सांगतो, नळ्यांची टोके उघडून धुवायला सांगतो. हे सगळे योग्यच आहे. पण तोटीत अडकलेली घाण तिथे पोहोचली कशी, हे फारसे कोणी विचारत नाही. मी स्वतः बरीच वर्षे विचारले नव्हते. म्हणून आज तोटीवर न बोलता विहिरीजवळच्या एका झडपेवर बोलणार आहे. वाळूच्या गाळणीच्या डोक्यावर एकच मूठ असलेली, सहा जागी फिरणारी जी झडप असते, ती ही. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीवरही हीच झडप असते. आपल्याकडे फायबरच्या टाकीबरोबर ती रोपवाटिका, पॉलिहाऊस आणि लहान ठिबक संचांवर दिसते. ज्यांच्या गाळणीवर सुट्या दोन-तीन झडपा आहेत, त्यांनीही ऐकावे. रबर झिजले की काय होते, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आष्टी तालुक्यातील एका बागायतदाराने बोलावले. आंबिया बहाराची फळे बोराएवढी झाली होती आणि चार ओळींतील झाडांची पाने दुपारी गुंडाळत होती. फळगळही सुरू झाली होती. डिंक्या असेल, मूळकूज असेल म्हणून त्यांनी औषधाची आळवणी करून पैसे घातले होते. मी गाळणीजवळ गेलो, दोन्ही दाबमापक पाहिले. आतल्या आणि बाहेरच्या दाबात जवळपास फरकच नव्हता. मी म्हणालो, "गाळणी अगदी स्वच्छ आहे, दोष पुढे आहे." जाळीची गाळणी धुतली, तोट्या बदलायला सांगितल्या आणि परत आलो. बारा दिवसांनी नव्या तोट्याही अडू लागल्या. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा झडप उघडली. आतल्या रबराची एक पट्टी तुटून वाकली होती. निम्मेअधिक पाणी वाळूत न शिरताच सरळ बाहेर जात होते. दाबात फरक नव्हता तो यामुळे. जे लक्षण मी निरोगीपणाचे समजलो, तेच रोगाचे होते. त्या चार ओळींतील बरीच फळे तोवर जमिनीवर आली होती.

वाळूतून पाणी जाताना थोडा दाब खर्च होणारच. गाळणी नुकतीच धुतलेली असताना हा फरक किती पडतो, ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे, टाकीवरच रंगाने लिहिले तर उत्तम. त्या आकड्यापेक्षा फरक सुमारे ०.३ किलो प्रति चौरस सेंटिमीटरने वाढला की गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी. हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. फरक त्या आकड्याच्या खाली गेला तर झडपेवर संशय घ्यावा, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. दाबमापक खरे बोलतो की नाही, हेही पाहावे. मोटार बंद असताना काटा शून्यावर येत नसेल तर तो बदलावा.

आता झडपेची रचना. खालच्या भागाला पाच तोंडे असतात : मोटारीकडून येणारे, शेताकडे जाणारे, घाण पाणी बाहेर टाकणारे, आणि दोन टाकीत उघडणारी, एक वाळूच्या वर व एक तळाशी. या तोंडांच्या मधल्या भिंतींवर गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे एक रबर बसवलेले असते. दुकानात त्याला स्पायडर गॅस्केट म्हणतात, आपण आऱ्यांचे रबर म्हणू. त्यावर प्लॅस्टिकचा एक तबकडीसारखा भाग स्प्रिंगने दाबून धरलेला असतो. मूठ खाली दाबली की तबकडी रबरावरून उचलली जाते, मग ती फिरवायची आणि खाचेत सोडायची. झडपेचे काम एवढेच आहे.

झाकणावर सहा जागा इंग्रजीत छापलेल्या असतात. 'फिल्टर' म्हणजे रोजचे काम. 'बॅकवॉश' म्हणजे तळातून वर पाणी सोडून वाळू धुणे. 'रिन्स' म्हणजे धुतल्यानंतर पहिले गढूळ पाणी बाहेर टाकणे. एकाच टाकीची गाळणी विहिरीच्या न गाळलेल्या पाण्याने धुतली जाते, त्यामुळे ही पायरी चुकवू नये. 'वेस्ट' म्हणजे पाणी थेट बाहेर. 'क्लोज्ड' म्हणजे सर्व बंद. सहावी जागा 'रिसर्क्युलेट'. हिच्याकडे जरा लक्ष द्या. या जागी पाणी वाळूला न शिवता सरळ पुढच्या नळीत जाते. पोहण्याच्या तलावाला तिचा उपयोग आहे, ठिबकला ती घातक आहे. बरेचदा असे होते की गाळणी तुंबलेली असते, दाब मिळत नाही, गडी मूठ फिरवत जातो आणि या जागी आल्यावर दाब छान मिळतो. तो मूठ तिथेच ठेवतो. त्याचा दोष नाही, त्याला वाचून कोणी दाखवलेले नसते. त्या जागेवर लाल रंगाची फुली मारून ठेवावी आणि 'फिल्टर' या जागेवर हिरवा ठिपका द्यावा.

मूठ फिरवण्यापूर्वी मोटार बंद करावी, हा नियम कितीही घाई असली तरी मोडू नये. चालू मोटारीवर मूठ फिरवली की पाण्याच्या जोराने आऱ्यांचे रबर खाचेतून उपसले जाते. मी पाहिलेल्या तुटक्या रबरांपैकी बहुतेक अशीच तुटलेली होती. आपल्याकडे आणखी एक धोका आहे. वीज ठरावीक तास येते, कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. मूठ 'क्लोज्ड'वर राहिली आणि रात्री दोन वाजता मोटार आपोआप सुरू झाली, तर झाकण फुटण्यापर्यंत मजल जाते. आणि झडप उघडून आत हात घातलेला असताना वीज आली तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून दुरुस्तीला बसताना ऑटो बंद करावा, मेन स्विच खाली ओढावा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. शेततळे किंवा टाकी गाळणीपेक्षा उंचावर असेल तर येणाऱ्या नळीवरची झडपही बंद करावी. हवा सोडण्याची तोटी उघडून दाबमापकाचा काटा शून्यावर आला की मगच पाना हातात घ्यावा.

उघडण्याआधी दोष कुठे आहे याचा अंदाज घेता येतो. मूठ 'फिल्टर'वर असताना घाण पाण्याच्या नळीतून धार येत असेल तर लगेच झडप खोलू नका. आधी दोन-तीनदा उलटे धुऊन पाहा. पुष्कळदा रबर आणि तबकडी यांच्यामध्ये वाळूचा एखादा कण अडकलेला असतो, तो निघून जातो. तरीही धार राहिली तर रबर गेले. मुठीच्या दांड्याजवळून पाणी झिरपत असेल तर दांड्यावरची गोल रिंग खराब आहे. झाकणाच्या कडेने येत असेल तर झाकणाखालची रिंग किंवा चिरलेले झाकण. मूठ दाबल्यावर परत वर येत नसेल तर स्प्रिंग गंजून तुटली आहे. शेतात वाळू येऊ लागली तर झडपेला बोल लावू नये, ती टाकीच्या तळाची फाटलेली चाळण असते आणि त्यासाठी वाळू उपसावी लागते.

आत लपलेला दोष, म्हणजे आष्टीला मी ओळखू शकलो नाही तो, ओळखायची एक साधी युक्ती आहे. गाळणीच्या आधीचे आणि नंतरचे पाणी काचेच्या दोन स्वच्छ बाटल्यांत घ्यावे आणि उन्हात धरून पाहावे. काळ्या मातीचा अतिशय बारीक गाळ वाळूतूनही निसटतो, त्यामुळे रंगावर जाऊ नये. शेवाळाचे तंतू, काडीकचरा, बारीक शंख दुसऱ्या बाटलीत दिसले, तर पाणी वाट चुकवून जात आहे. पुढची जाळीची गाळणी एकाच दिवसात शेवाळाने भरत असेल तर तीही तीच गोष्ट सांगते.

घाण पाण्याच्या नळीतील बारीक धारेकडे आपण कानाडोळा करतो. हिशोब करून पाहू. एक लिटरचे माप दहा सेकंदांत भरत असेल तर तासाला ३६० लिटर आणि सहा तासांत २,१६० लिटर पाणी गेले. मोठ्या संत्र्याच्या झाडाला कडक उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी लागते. म्हणजे सुमारे वीस झाडांचे पाणी रोज नाल्यात, आणि तेही विहीर तळाला गेलेल्या मे महिन्यात.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. झाकण आणि खालचा भाग यांवर मिळून कानशीने किंवा रंगाने एक रेघ ओढावी. ही रेघ विसरलात तर बसवताना झाकण फिरून बसेल, आणि 'फिल्टर' लिहिलेल्या जागी भलतेच काम चालेल. मूठ दोन खाचांच्या मध्ये ठेवावी. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे असे थोडे थोडे सैल करावेत. झाकण तबकडीसह एकत्र वर येते. आत फक्त रबर पाहायचे असेल तर पुढे खोलायची गरज नाही. स्प्रिंग किंवा दांड्याची रिंग बदलायची असेल तर मुठीची पिन काढावी लागते. तेव्हा दुसऱ्या माणसाला झाकण दाबून धरायला सांगावे, नाहीतर स्प्रिंग उडते आणि वायसर गवतात जातात. खाली एक जुने धोतर किंवा पोते अंथरून बसणे बरे.

आऱ्यांच्या रबरावरून बोट फिरवावे. सगळीकडे सारखी उंची लागली पाहिजे. कुठे सपाट झाले असेल, चीर असेल, आरी खाचेतून उचलली असेल तर रबर बदलावे. तुटका तुकडा चिकटवून पुन्हा वापरण्यात अर्थ नाही, तो आठवडाभर टिकतो. जुने रबर काढून खाचेतील जुना डिंक लाकडी काडीने खरवडावा. लोखंडी पेचकसाने प्लॅस्टिकला ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यातून पाणी पाझरते. खाच पूर्ण कोरडी करावी. नवे रबर आधी नुसतेच बसवून पाहावे, सपाट बाजू खाली. मग रबर चिकटवण्याचा डिंक खाचेत पातळ लावून ते बसवावे व डिंकाच्या डबीवर लिहिलेला वेळ वाळू द्यावे. पी.व्ही.सी. नळ्या जोडायचे सोल्युशन इथे चालत नाही, ते झडपेचे प्लॅस्टिकच विरघळवते.

तबकडीवर क्षाराचा पांढरा थर असेल तर तीही घासू नये. पितळेची भांडी आपण चिंचेने उजळतो, तोच उपाय इथे लागू पडतो. लिंबाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात ती रात्रभर बुडवून ठेवावी, सकाळी थर मऊ होतो. गोल रिंगांना सिलिकॉन ग्रीस अगदी थोडे लावावे. बैलगाडीचे वंगण किंवा इंजिनचे तेल लावू नये, त्याने अनेक प्रकारचे रबर फुगते व मूठ जाम होते.

बसवताना रेघेला रेघ जुळवावी, सर्व स्क्रू आधी हाताने फिरवून मग समोरासमोरचे आवळावेत. जोर करू नये, प्लॅस्टिकचे आटे एकदा गेले की झडप गेली. मोटार सुरू करण्यापूर्वी मूठ 'बॅकवॉश'वर ठेवावी, काचेच्या नळीतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण तीन ते पाच मिनिटे, धुवावे. मोटार बंद. मग 'रिन्स' एक मिनिट. मोटार बंद. मग 'फिल्टर'. आता घाण पाण्याची नळी थोड्या वेळाने कोरडी पडली पाहिजे. दोन्ही दाबमापकांचे आकडे त्याच वेळी लिहावेत.

हे काम करायचे केव्हा? एप्रिलमध्ये, फळे झाडावर असताना, नक्कीच नाही. आंबिया बहारासाठी आपण डिसेंबर-जानेवारीत बागेला ताण देतो. ठिबक बंदच असते, हातात वेळ असतो. मृग बहारवाल्यांना हीच सवड मे महिन्याच्या ताणात मिळते. बागेला ताण, तेव्हा गाळणीला दुरुस्ती, असे गणित बसवावे. पावसाळ्यात संच बंद ठेवताना टाकीतील पाणी सोडून द्यावे आणि मूठ दोन खाचांच्या मध्ये ठेवावी, म्हणजे रबरावर महिनोन्महिने दाब राहत नाही. मात्र तेव्हा मेन स्विच बंद आणि मुठीला चिंधी बांधलेली असावी, म्हणजे कोणी न पाहता मोटार चालू करणार नाही. आपल्या वर्ध्याच्या उन्हात प्लॅस्टिक कडक होऊन तडकते. गाळणीवर चार खांबांचे छोटे छप्पर, निदान भिजवलेले नसले तरी साधे पोते झाकावे.

आऱ्यांचे एक रबर, दांड्याच्या व झाकणाच्या रिंगा आणि एक स्प्रिंग घरात आणून ठेवावी. खरेदीला जाताना जुने रबर सोबत न्यावे, कारण दीड इंची आणि दोन इंची झडपांचे रबर वेगळे असते आणि कंपनीगणिक खाचही बदलते. पिशवीवर खरेदीची तारीख लिहून ती धान्याच्या कोठीजवळ, उन्हापासून आणि उंदरांपासून दूर टांगावी.