गाठ लागतेय, पण रिपोर्ट नॉर्मल आलाय?

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून आलाय. आपली एक श्रोती, वय ३१. स्तनात गाठ हाताला लागली. घाबरून तिनं ॲपवरून रक्ताची टेस्ट बुक केली, सीए १५-३. आकडा आला १८. रिपोर्टवर छापलेली मर्यादा ३०. तिचा प्रश्न: "मग आता डॉक्टरकडे जायला नको ना?"

जायचंच, ताई. या आठवड्यातच.

सीए १५-३ म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरून सुटून रक्तात आलेल्या एका प्रथिनाचं मोजमाप. कॅन्सर सुरुवातीचा असेल तर हा आकडा बहुतेक वेळा नॉर्मलच असतो. उलट लिव्हरच्या काही साध्या आजारांतही तो वाढलेला दिसतो. आम्हा कोडवाल्यांना हे पटकन कळेल: टेस्ट केस पास झाली म्हणून बग नाही असं होत नाही, त्यातून टेस्ट केसच चुकीची असेल तर बोलायलाच नको. शरीरात पसरलेल्या कॅन्सरवर उपचार लागू पडतायत का, हे स्कॅनच्या जोडीनं बघायला ही टेस्ट कामाची आहे. निदानासाठी नाही. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात ती घुसडलेली दिसली की माझं डोकं फिरतं.

गाठीचा निकाल लागतो तो डॉक्टरांची तपासणी, इमेजिंग आणि गरज पडली तर सुईची बायोप्सी यातून. तरुणपणी स्तनातल्या ऊती दाट असतात, मॅमोग्राफीत गाठ लपू शकते. म्हणून तिशीच्या आत साधारणपणे आधी सोनोग्राफी करतात.

आणि कॅन्सर निघालाच तर? तेव्हा महत्त्वाचे मार्कर रक्तात नाही, बायोप्सीच्या तुकड्यात शोधतात: ईआर, पीआर, हर-२, बऱ्याचदा केआय-६७ सुद्धा. पहिले तिन्ही निगेटिव्ह आले की 'ट्रिपल निगेटिव्ह'. हा प्रकार तरुण बायकांत जास्त प्रमाणात आढळतो. शिवाय भारतात स्तनाच्या कॅन्सरचे पेशंट पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहाएक वर्षं लहान असतात. "या वयात कुठं काय होतंय" हे वाक्य म्हणूनच धोक्याचं.

आता मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट. २०१८ साली टेलरएक्स नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह, काखेतल्या गाठींपर्यंत न पोचलेला कॅन्सर. त्यात २१ जनुकं तपासून ० ते १०० मध्ये स्कोअर काढायचा. समजा स्कोअर आला २०. बाई पन्नाशीच्या पुढची असेल तर हार्मोनच्या गोळ्यांवर केमो देऊन जादा फायदा दिसला नाही. पन्नास किंवा त्याहून कमी असेल, तर थोडा दिसला.

आकडा तोच, वय वेगळं, निर्णय वेगळा! का? केमोमुळे बीजकोशांचं काम थंडावतं, शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, आणि तरुणींना मिळणारा फायदा निदान काही अंशी तरी त्यातून येत असावा, असं बऱ्याच तज्ज्ञांना वाटतं. तपासताना डॉक्टर "पाळी चालू आहे का?" असं विचारतात, त्यामागे हेही एक कारण असतं.